हळदीचे नाव आणि नावाची राखण

बौद्धिक संपदेच्या हक्कांची अंमलबजावणी भारतात नीट होत नाही, ही अमेरिकेची तक्रार जुनी आहे. तिच्या व्यापार प्रतिनिधींच्या २०२५ च्या अहवालातही विशेष नजर ठेवावयाच्या देशांच्या यादीत भारताचे नाव आहेच. या तक्रारीत मुळीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पुस्तकांच्या चोरट्या आवृत्त्या आपल्या शहरांत पदपथांवर उघड विकल्या जातात आणि सुशिक्षित माणसेच त्या विकत घेतात. परंतु जुन्या औषधाच्या किरकोळ फेरबदलास नवे पेटंट नाकारणारे आपल्या कायद्याचे कलम ३(डी) हेही जेव्हा तक्रारीचा विषय होते, तेव्हा सावध झाले पाहिजे. याच कलमान्वये सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील एका औषधाचे पेटंट नाकारले होते. दडपणापोटी ते कलम सोडणे म्हणजे रुग्णाचा खिसा परक्याच्या हाती देणे होय.

हक्कांचा हा न्याय दोन्ही पक्षांस सारखा आहे काय, हे पाहावयास सांगलीची हळद पुरेशी आहे. जखमेवर हळद लावण्याच्या आपल्या घरगुती उपचारावर अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये दोघा संशोधकांस पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली छापलेला एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला, तेव्हा १९९७ साली ते रद्द झाले. पेटंट कचेरीपुढे आजीची साक्ष चालत नाही, छापील कागद चालतो, हा त्यातील धडा.

खुद्द करारातही समता नाही. ट्रिप्स कराराचे २३ वे कलम मद्यांच्या स्थाननामांस कडक संरक्षण देते. परक्या मुलखातील मद्यावर प्रसिद्ध गावाचे नाव ‘च्या धर्तीचे’ अशी जोड देऊनही लावता येत नाही. अन्य मालास २२ वे कलम. तेथे ग्राहकाची दिशाभूल वा अनुचित स्पर्धा झाल्याचे सिद्ध करावे लागते. हा भेद नाहीसा व्हावा, ही भारताची मागणी जागतिक व्यापार संघटनेत अद्याप मान्य झालेली नाही. फ्रान्सच्या द्राक्षासवास जे कवच, ते सांगलीच्या हळदीस नाही.

तथापि सारा दोष परक्यांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली, सांगलीच्या हळदीस २०१८ साली आणि कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या चपलेच्या नोंदणीक्षेत्रात सातारा व सांगली हे जिल्हेही येतात. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलान येथे तिच्याच घडणीच्या चपला मिरवल्या, तेव्हा सर्वत्र संताप उसळला. मात्र जनहितयाचिका मुंबई उच्च न्यायालयात टिकली नाही. नोंदणीचे मालक स्वतः पुढे आले नव्हते, हे त्याचे कारण. मालक घरी आणि फिर्यादी दारी, अशी ही अवस्था.

सांगलीच्या पेठेत कर्नाटक-तेलंगणातूनही हळद येते. त्यात गैर काही नाही. परंतु सांगलीच्या नावाने कोणती विकावी, हे पाहणारा कोणी हवा. शेतकऱ्यांची अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद करणे, पिशवीवर मानांकनाची खूण घालणे आणि खोट्या नावाविरुद्ध फिर्याद करणे, ही कामे वॉशिंग्टनने अडवलेली नाहीत. ती बाजार समितीने, उत्पादकांच्या संस्थांनी व शासनाने करावयाची आहेत. जो आपल्या नावाची राखण करतो, त्यालाच जगाकडे समान न्याय मागण्याचा अधिकार पोहोचतो.

कृष्णाकाठच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, ती तोंड बंद केले जाई म्हणून. मानांकनाचे पेव आपण खणले आहे. त्याचे तोंड मात्र अजून उघडेच आहे.