कोडचं भाषांतर आणि बचत गटाची वही

वाशिम, कारंजा, रिसोडकडच्या घरांतून बीसीए, एमसीए करणाऱ्या मुली आता नवलाईच्या राहिल्या नाहीत. २००१ साली एमएस-सीआयटी आलं, तेव्हा पहिल्यांदा माऊस धरलेल्या बायकांच्याच या लेकी! पण फी भरताना आईच्या मनात येतंच, कोड लिहायचं काम एआयच करणार असेल तर पोरीला नोकरी कोण देणार? टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून तर जास्तच.

या भीतीत तथ्य किती, ते एका कामावरून पाहू. एका भाषेतला प्रोग्राम दुसऱ्या भाषेत नेणं हे आपल्या आयटी कंपन्यांचं जुनं काम. २०२३ मध्ये आयबीएमने कोबोलमधला कोड जावात नेणारं एआय साधन आणलं. म्हणजे भाषांतराची निव्वळ हमाली जाणार, हे मान्यच करायला हवं.

पण मैत्रिणींनो, सगळ्या भाषा सख्ख्या बहिणी नसतात. आपल्या बचत गटाचा हिशेब घ्या. एक रीत अशी की, प्रत्येकीच्या नावाची पाटी. पैसे आले की जुनी शिल्लक पुसून नवी लिहायची. जावासारख्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांत बहुतेकदा असंच चालतं. दुसरी रीत वहीची. एकदा लिहिलेली नोंद खोडायची नाही. शिल्लक हवी तेव्हा सगळ्या नोंदींची बेरीज करायची. हास्केल, अर्लांग या फंक्शनल भाषांचा कल असा. एकाच पाटीवर दोघी एकदम लिहायला गेल्या तर एकीचे पैसे गायब! वहीत ही भानगड कमी.

यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. फेसबुकचं चॅट २००८ मध्ये सुरू झालं ते अर्लांगवर, पुढे ते सी प्लस प्लसमध्ये नेलं. त्याच फेसबुकने २०१४ मध्ये विकत घेतलेलं व्हॉट्सअॅप मात्र अर्लांगच्याच जोरावर मोठं झालेलं. (सकाळच्या त्या गुलाबाच्या फुलांमागे एवढं रामायण आहे.)

आता वहीचा प्रोग्राम पाटीच्या भाषेत न्यायचा. मशीन शब्द झटपट बदलेल, शिल्लकही बरोबर दाखवेल. पण एखादीने विचारलं, "मी मार्चमध्ये किती भरले होते?" तर उत्तर कुठून देणार? नोंदच पुसली गेली. उलट पाटीचा प्रोग्राम तसाच्या तसा फंक्शनल भाषेत नेला, तर तो चालेल, पण वहीचा फायदा काही मिळणार नाही. गटाला जुन्या नोंदी लागतात की नुसती शिल्लक, हे कोणीतरी आधी विचारायला हवं. हे विचारणारं माणूस, माझ्या मते, अजून बराच काळ लागणार आहे.

म्हणून क्लासवाला "दहा भाषा शिकवतो" म्हणाला की हुरळून जाऊ नका. मुलीकडून दोन्ही रीतींनी एकच हिशेब लिहून घेता का, आणि भाषा बदलल्यावर जुने-नवे आकडे ताडून पाहायला शिकवता का, एवढं फी भरण्याआधी विचारा.