भिंतीला जाडी हवी



आमच्या परिचयाचे एक गृहस्थ गवंडीकाम करतात. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांची खोली. त्यांची मुलगी आय.टी.आय.तून ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागली. नकाशा ती सफाईने काढते. पण साहेबांनी बजावले, तीन महिन्यांत थ्री-डी मॉडेल नीट आले पाहिजे, नाहीतर दुसरी मुलगी बघू. क्लासची फी म्हणजे बापाचा दीड महिन्याचा रोज. तेव्हा पोरीने घरीच स्केचअप शिकायचे ठरवले.

हा प्रोग्राम २००० साली अमेरिकेत निघाला. २००६ साली तो गूगलने घेतला, २०१२ पासून तो ट्रिंबल कंपनीकडे आहे. इंटरनेटवर चालणारी त्याची एक फुकट आवृत्ती मिळते. धंद्याच्या कामाला ती चालत नाही, पण सरावाला पुरते.

चौकोन काढायचा, पुश-पुलने वर ओढायचा, की खोली उभी. एवढे आठ दिवसांत कुणालाही येते. आणि तिथेच बहुतेक मुले अडकतात, हे आम्ही पाहिले आहे. या मुलीने स्वतःचीच १६ बाय १० ची खोली काढली. बाप कामावरून आला, हातपाय धुऊन पडद्यासमोर बसला आणि म्हणाला, "पोरी, भिंतीला जाडीच नाही. स्लॅब कशावर टाकणार?" आम्ही तिथेच चहा घेत होतो. तो हसत म्हणाला, पण मुद्दा बिनतोड होता. पडद्यावरची भिंत नुसता कागद होता. मग तिने बाहेरची भिंत नऊ इंची, आतली साडेचार इंची अशी आधी जमिनीवर आखली आणि मगच वर उचलली. बांधकाम ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने मॉडेल करावे, हे कोणत्याही क्लासने सांगितले नव्हते.

पुढची अडचण अशी की भिंत सरकवली तर फरशीही वेडीवाकडी ओढली जायची. या प्रोग्रामात एकमेकांना टेकलेल्या रेषा चिकटतात. म्हणून एकेक भाग पुरा झाला की त्यावर तीनदा क्लिक करून तो सगळा निवडायचा आणि त्याचा ग्रुप करून टाकायचा. मग तो शेजाऱ्याला चिकटत नाही.

जिन्याने तर तिला रडवलेच. दहा फूट चढायचे, सहा इंचांची एक, अशा २० पायऱ्या. तिने त्या सुट्या सुट्या केल्या. साहेब म्हणाले, प्रत्येक पायरीचा पुढचा काठ एक इंच बाहेर काढा. म्हणजे तेच काम वीस वेळा! रात्री एक वाजेपर्यंत ती बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला कळले की एकच पायरी करून तिचा कंपोनंट करायचा, ती दहा इंच पुढे आणि सहा इंच वर अशी एकदा कॉपी करायची आणि लगेच १९ आणि इंग्रजी एक्स टाइप करायचे. वीस पायऱ्या तयार. त्यातली एक सुधारली की विसांच्या वीस सुधारतात. सर्वांत खालची गोल करायची असेल तर तेवढीला 'मेक युनिक' करायचे. बाकीच्यांना धक्का लागत नाही.

टॅगचे म्हणाल तर ते फक्त ग्रुपला आणि कंपोनंटला लावावेत, सुट्या रेषांना नाही. नाहीतर फर्निचर लपवायला जावे आणि भिंतीचा कोपराच गायब! सेक्शन प्लेनने घर चार फुटांवर आडवे कापून वरून पाहिले की आपला नेहमीचा नकाशा दिसतो. ही गंमत तिने आजीलाही दाखवली.

आणि आजीचेच डोके चालले. चाळीच्या पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. नातीने त्याचा नकाशा पाहून मॉडेल उभारायला घेतले आहे. आजीने पहिल्याच दिवशी विचारले, "भांडी कुठं घासायची ह्यात?" मग खाट, कपाट, पाण्याचे पिंप मापाने ठेवून पाहिले. कपाटाचे दार खाटेला लागते असे निघाले. खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली, तर खिडकी अर्धी झाकली.

साहेबांच्या मुदतीचे अजून अठरा दिवस आहेत. ऑफिसच्या मॉडेलचा जिना झाला आहे, खिडक्या राहिल्या आहेत. बाप रोज संध्याकाळी टेप घेऊन शेजारी बसतो.