तोफ करा, पण नळी भरीव ठेवा

जबलपूरच्या रांझीत एखाद्या निवृत्त कामगाराच्या मागच्या पडवीत छोटा लेथ दिसला तर कुणी दचकत नाही. १९०४ साली जबलपुरात गन कॅरिज फॅक्टरी आली, १९४२ मध्ये खमरियाची आयुध निर्माणी, पुढे व्हेईकल फॅक्टरी. कानस आणि शेगडा यांच्या जोरावर इथल्या किती घरांतली लग्नं झाली, पोरं शिकली. मीही त्यातलाच, ‘जीसीएफ’चा जुना फिटर. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात म्हणून आमच्याच कारखान्यात बनणाऱ्या ‘धनुष’ तोफेची लहान प्रतिकृती करायला घेतली. तेव्हापासून येणारा-जाणारा दोनच गोष्टी विचारतो. ‘हिच्यातून बार निघतो का हो?’ आणि ‘पोलीस काही म्हणत नाहीत?’

दुसरा प्रश्न विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. २०१८ साली याच शहरात मोठं प्रकरण उघडकीला आलं. लष्करी डेपोतून मोडीत काढलेल्या एके-४७ रायफलींचे भाग बाहेर काढायचे, घरी जोडायचे आणि बिहारमधल्या मुंगेरला विकायचे, अशा आरोपाखाली एका निवृत्त आर्मोररला अटक झाली. हातातलं कसब तेच, पडवीही तशीच. त्यानंतर शेजाऱ्यांनी माझ्या लेथचा आवाज कान देऊन ऐकला तर बिघडलं कुठे?

आता हिशेब बघा. धनुषचं कॅलिबर १५५ मिलिमीटर आणि नळीची लांबी ४५ कॅलिबर, म्हणजे भोकाच्या पंचेचाळीस पट, जवळजवळ सात मीटर. एकास वीस या प्रमाणात केली तर नळी पस्तीस सेंटिमीटरची होते, टीव्हीशेजारच्या फळीवर मावते. पण आतलं भोक किती होतं? पावणेआठ मिलिमीटर. लष्करी रायफलीची ७.६२ ची गोळी ज्याने पाहिली आहे त्याला पुढचं सांगायला नको. मोठी तोफ लहान करता करता आपण नकळत रायफलीच्या मापावर येऊन पोचतो. म्हणून माझं मत ठाम आहे: प्रतिकृतीची नळी भरीवच असली पाहिजे. गुरंदीच्या बाजारातून साधी सळई आणायची, बाहेरून हवी तशी उतरती घडवायची, तोंडाशी सावली पडेल एवढीच खोल कोरायची आणि काळा रंग द्यायचा. दोन हातांवरून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

काही हौशी मंडळी यावर नाक मुरडतात. आरपार भोक नसेल तर ती कसली प्रतिकृती, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. तोफेतली खरी कारागिरी गाड्यात असते. मागचे दोन पाय उघडले की दोन्ही बाजूंना सारखे फाकले पाहिजेत, मिटले की एकमेकांना खेटून बसले पाहिजेत. बिजागरीची पिन केसभर ढिली राहिली तर अख्खी तोफ लंगडी दिसते आणि केसभर घट्ट झाली तर पाय मध्येच अडतो. ती पिन पॉलिश पेपरने घासत, घालून-काढून बघत माझी एकेक दुपार जाते. हातचाक फिरवलं की नळी न गचकता वर गेली पाहिजे. हे ज्याला जमलं त्यालाच मी कारागीर म्हणेन. भोक काय, ड्रिल मशीन कुणालाही पाडून देतं.

आणखी दोन पथ्यं मी पाळतो. कारखान्यातला वॉशरसुद्धा घरी आलेला नाही, आणि मापं घ्यायची ती छापून आलेल्या फोटोंवरून. चाळीस वर्षांचं ड्रॉइंग डोक्यात असलं तरी ते कागदावर उतरवायचं नाही.

कायद्याचं म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत तोफेचा गाडासुद्धा ‘फायरआर्म’मध्येच मोडतो. नकली शस्त्राचं खरं शस्त्र करायलाही परवाना लागतो, असं कलम ६ सांगतं. पण पडवीत उभ्या राहिलेल्या हवालदाराला कलमं पाठ नसतात, त्याला डोळ्यांना दिसेल अशी खूण हवी असते. जिल्हा प्रशासनाने ती एकदा जाहीर करावी: नळी भरीव, चाप-घोड्यासारखा चालता भाग नाही, आणि करणाऱ्याचं नाव ठाण्यात नोंदवलेलं. आम्ही आनंदाने नोंदवू. लपवण्यासारखं असतं तर खंडेनवमीला लेथशेजारी तोफ मांडून गल्लीला प्रसाद वाटला असता का?

कारखान्यांनीही थोडं मन मोठं करावं. ८ एप्रिल २०१९ ला पहिल्या सहा धनुष लष्कराच्या ताब्यात गेल्या, तेव्हा सगळ्या शहराची मान ताठ झाली होती. ती तोफ कशी उभी राहते, हे आयटीआयच्या पोरांना हातात धरून दाखवायला आमच्या प्रतिकृती चालतील. विश्वकर्मा पूजेला एक टेबल द्या, तेवढं पुरे.

आणि माझ्या जुन्या सोबत्यांना एक सांगणं. लग्नाच्या वरातीत उडवायला म्हणून ‘जरा बार निघेल अशी’ तोफ मागायला माणसं येतात, पैसेही बरे देऊ करतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. विनापरवाना शस्त्र बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे.