भिंतींतील भोकांचा वाली कोण?

एखाद्या इमारतीला आग लागली की दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती उशिरा पोचलेल्या बंबांची, अरुंद गल्ल्यांची आणि कोरड्या नळांची. ती होणे रास्तच आहे. परंतु जी माणसे आगीपासून सात-आठ मजले दूर असूनही गुदमरून मेली, त्यांच्यापर्यंत धूर कोणत्या वाटेने गेला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ती वाट बहुधा माणसानेच पाडलेली असते. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत वीजतारा व नळ नेणारी डक्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबमधून जाते, आणि तेथे उरलेली फट बुजवली नाही तर ती डक्ट म्हणजे धुराडेच. ही फट आगीत टिकणाऱ्या पदार्थांनी बंद करण्याला अभियंते फायरस्टॉपिंग म्हणतात. आपण त्याला अग्निबंध म्हणू. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत विजेची डक्ट प्रत्येक मजल्यावर अशी बंद करण्यास सांगितले आहे. अग्निबंधासाठी खनिज लोकर, विशिष्ट गिलावा, उष्णतेने फुगणारे लुकण असे पदार्थ वापरतात. प्लास्टिकच्या नळाभोवती कडेही बसवतात, कारण नळ वितळून गेला की त्याच्या जागी मोकळे भोक उरते. कड्यातील पदार्थ फुगून ते बंद करतो.

अमेरिकेतील लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात २१ नोव्हेंबर १९८० रोजी आग लागली ती तळमजल्यावर. ८५ माणसे दगावली, त्यांतील बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने. लिफ्टचे मार्ग, जिने आणि इमारतीचे सांधे यांतून धूर वर चढला होता. आपल्याकडे कोलकात्याच्या ढाकुरिया येथील रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघर पेटले आणि सुमारे ९० जीव गेले. ज्वाळा जेथे पोचल्याच नाहीत तेथे रुग्ण खाटांवर गुदमरले.

अग्निबंध एकदा घालून भागत नाही, ही यातील खरी अडचण. बांधताना चोख बुजवलेले भोक पुढे दहा वेळा उकरले जाते. आज इंटरनेटवाला येतो, उद्या वातानुकूलन यंत्राचा मिस्त्री, परवा कॅमेरे बसवणारा. प्रत्येकाचे काम तार ओढली की संपते. फार तर तो पिवळा फेस मारून जातो. हा साधा फेस दिसायला घट्ट असला तरी स्वत:च पेट घेतो. याचा दाखला अलाबामातील ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्रात मिळाला. २२ मार्च १९७५ रोजी तेथे तारांभोवतीच्या फटीतून हवा गळते की काय, हे मेणबत्ती धरून पाहिले जात होते. ज्योत आत ओढली गेली, फेस पेटला आणि सुमारे सात तासांच्या आगीत सोळाशेहून अधिक केबली निकामी झाल्या. जेथे इतकी दक्षता अपेक्षित होती तेथे ही गत. मग आपल्या गृहनिर्माण संस्थांचे आणि कचेऱ्यांचे काय सांगावे?

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने अथवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेतलेले देखभालीचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. माझा अनुभव असा की, तपासणीस येणारा पंप सुरू करतो, नळकांड्यांवरील तारखा वाचतो. डक्टमध्ये विजेरी टाकणारा विरळा. भोक दिसत नाही, आणि त्याचा कोणी वालीही नसतो. सभासदाला वाटते की ते संस्थेचे, संस्थेला वाटते की ते कंत्राटदाराचे.

म्हणून ज्याने भोक पाडले त्यानेच ते योग्य पदार्थाने बुजवावे, आणि तोवर त्याचे बिल चुकते करू नये, असा ठराव प्रत्येक संस्थेने करावयास हवा. बुजवलेल्या जागी तारीख, पदार्थ आणि काम करणाराचे नाव यांची चिठ्ठी लावावी. पदार्थही मनास येईल तो चालत नाही. भिंत, तार आणि भराव यांची परीक्षा एकत्रच झालेली असते. एक बदलला की त्या परीक्षेचा दाखला फोल. ओल लागून सुटलेला, आकसलेला अथवा उंदरांनी पोखरलेला भराव काढून नवाच घालावा लागतो, वरून लिंपून भागत नाही. जुन्या इमारतींना हा खर्च एकदम झेपणार नाही, हे मान्य. त्यांनी विजेच्या डक्टपासून आरंभ करावा. आगीचे निमित्त आणि तिची वाट दोन्ही तेथे एकत्र नांदतात.

हे लिहिण्यापूर्वी आमच्या इमारतीतील डक्ट पाहावी म्हटले, तर किल्ली शोधण्यातच दोन दिवस गेले. दार उघडले तेव्हा आत जुने झाडू आणि एक मोडकी खुर्ची होती, आणि तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबमधील भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता. तो याच वर्तमानपत्राचा होता की काय, हे मी उलगडून पाहिले नाही.