सीट काढली की गाडी ‘स्पोर्ट्स कार’ होते का? सुरगाण्याच्या घाटरस्त्यावर वजनाचं गणित

सेकंड हँड हॅचबॅक घ्यायची, मागचा बाक काढायचा, कार्पेट उपटायचं, डोअर पॅड आणि स्टेपनी घरी ठेवायची आणि ‘स्टेज वन वेट रिडक्शन’ असं कॅप्शन टाकून रील सोडायची. असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये येत असतील. सुरगाणा, बोरगाव, हतगड, सापुतारा हा पट्टा म्हणजे वळणं, चढउतार आणि पावसाळ्यात धुकं. अशा रस्त्यावर हलकी गाडी भारी पळेल असं कोणालाही वाटेल. पण खरंच तसं होतं का? चला, नीट समजून घेऊया.

आयडिया आली कुठून?

आयडिया खोटी नाही. पोर्शेने 1973 च्या ‘911 कॅरेरा आरएस 2.7’ या गाडीचं एक हलकं मॉडेल काढलं होतं. त्यात मागच्या सीट, जाड कार्पेट, आर्मरेस्ट, इतकंच काय घड्याळसुद्धा नव्हतं आणि काचाही पातळ होत्या. नेहमीच्या ‘टूरिंग’ मॉडेलपेक्षा ही गाडी सुमारे 100 किलोने हलकी होती. 1987 च्या फेरारी एफ40 मध्ये तर दार आतून उघडायला हँडल नव्हतं, वायर ओढावी लागायची.

आपल्याकडेही नाशिक परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ झालेली आहे. रॅलीच्या गाड्या आतून रिकाम्याच असतात. पण रील बनवणारे एक गोष्ट सांगत नाहीत. या गाड्यांमधून सीट आणि कार्पेट निघतं, पण त्या जागी लोखंडी रोल केज, घट्ट बसणारी रेसिंग सीट, अनेक पट्ट्यांचा बेल्ट आणि आग विझवण्याचं साधन येतं. म्हणजे आरामाचं सामान काढून सुरक्षेचं सामान भरलं जातं. घरच्या ‘मॉड’मध्ये फक्त पहिलं अर्धं काम होतं.

आता हिशोब करू

समजा गाडी 800 किलोची, ताकद 67 पीएस आणि चालवणारा 70 किलोचा. एकूण 870 किलो. बाक, स्टेपनी, कार्पेट, पॅड, स्पीकर सगळं काढून समजा 50 किलो वाचले. 50 किलो म्हणजे कांद्याची एक गोणी.

आधी एका टनामागे 77 पीएस मिळत होते, आता जवळपास 82 मिळतात. फरक साधारण 6 टक्के. पिकअपमध्ये थोडं जाणवेल, पण तेवढ्याने स्पोर्ट्स कार होत नाही. चार मित्र उतरले तर 240 किलो कमी होतात आणि त्यासाठी पाना-स्क्रूड्रायव्हर काहीच लागत नाही!

आता दुसरी बाजू. धडकेची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वजन 6 टक्के कमी केलं तर ऊर्जा 6 टक्केच घटते. तेच वेग 40 वरून 60 वर नेला तर ऊर्जा सव्वादोन पट होते. गाडी हलकी झाली म्हणून तुम्ही थोडी जास्त दाबली, की वाचवलेलं सगळं गेलंच.

घाटात नेमकं काय बिघडतं?

छोट्या गाड्यांचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे पुढचा भाग आधीच जड. मागचा बाक आणि स्टेपनी काढली की मागची चाकं आणखी हलकी होतात. उतारावर ब्रेक मारला की वजन अजून पुढे सरकतं. ओल्या वळणावर अशा वेळी मागची बाजू घसरण्याची शक्यता वाढते.

पुढची सीट काढणं त्याहून धोक्याचं. बऱ्याच गाड्यांमध्ये सीटखाली एअरबॅग आणि बेल्टच्या वायरी असतात. काहींमध्ये साइड एअरबॅग सीटमध्येच असते. कनेक्टर सुटला की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि अपघातात बॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. शिवाय बाक नसताना मागे पोरं बसली तर त्यांना बेल्ट कुठला? 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टची चर्चा देशभर झाली होती. इथे तर सीटच गायब!

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आसनक्षमता आरसीवर लिहिलेली असते. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये तुमची आरसी उघडा, लगेच दिसेल. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, हे वेगळंच.

स्टेपनीचं काय? जुलै 2020 च्या नियमबदलाने काही गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली, पण ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा असेल तरच. बाऱ्हे किंवा उंबरठाणच्या बाजूला रात्री टायर बसला आणि फोनला रेंज नसली, तर स्टेपनीची किंमत कळते.

वजनाचा मुद्दा दिल्लीतही

गाडीचं वजन हा सध्या धोरणाचाही विषय आहे. सप्टेंबर 2025 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने इंधनवापराच्या नव्या नियमांचा मसुदा आणला. त्यात 909 किलोपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती. त्यावरून कार कंपन्यांमध्येच जुंपली. वजनावर सवलत दिली तर सुरक्षेचं काय, हा त्यातला एक आक्षेप होता. म्हणजे प्रश्न तोच, फक्त पातळी मोठी. कंपनीला वजन कमी करायचं असेल तर ती चांगलं पोलाद वापरते, डिझाइन बदलते आणि क्रॅश टेस्ट करते. आपल्या अंगणात यातलं काहीच होत नाही.

मग करायचं काय?

डिकीतला फालतू पसारा काढा. गरज नसेल तेव्हा छतावरचा कॅरियर उतरवा, त्याने वजन आणि वाऱ्याचा अडथळा दोन्ही कमी होतात. टायरमधली हवा दर पंधरवड्याला बघा, ब्रेक पॅड आणि एअर फिल्टर वेळेवर बदला. फरक याने पडतो, आणि दंडही होत नाही.

सीट मात्र राहू द्या. त्यावर बसणारं कोणीतरी तुमच्याच घरचं असतं.