एकच नमुना, निदान मात्र दोन

मूत्रपिंडाचा विकार दबक्या पावलांनी येतो. त्याची पहिली चाहूल बहुधा मूत्रात उतरणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनातून लागते. म्हणूनच मधुमेहींना दरवर्षी या तपासणीचा सल्ला दिला जातो. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम ही धोक्याची सीमारेषा जगभर मान्य आहे. मोजमाप मात्र सर्वत्र सारखे नाही.

बाजारातील 17 पद्धतींची मास स्पेक्ट्रोमेट्रीशी तुलना करणारे संशोधन 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. लिटरमागे 15 मिलिग्रॅम या पातळीवर काही पद्धती सरासरी 35 टक्क्यांपर्यंत कमी, तर काही 34 टक्क्यांपर्यंत जास्त आकडा दाखवत होत्या. म्हणजे खरे प्रमाण 25 असलेल्या रुग्णाचा अहवाल एकीकडे 16, तर दुसरीकडे 33 येऊ शकतो. एक डॉक्टर निर्धास्त राहील, दुसरा औषध सुरू करण्याचा विचार करील.

दोष केवळ यंत्रांचा नाही. अनेक उत्पादकांचे प्रमाणीकरण रक्तद्रवापासून बनवलेल्या संदर्भ पदार्थावर बेतलेले आहे. मूत्रातील अल्ब्युमिन त्याहून कितीतरी विरळ असते आणि त्याचे स्वरूपही बदलते. त्यामुळे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने शुद्ध अल्ब्युमिनचा स्वतंत्र संदर्भ पदार्थ तयार केला.

रक्तातील क्रिएटिनिनबाबत 2006 च्या शिफारशींनंतर उत्पादक एका मोजपट्टीकडे वळले. अल्ब्युमिनबाबतही तेच घडायला हवे. तोवर रुग्णाने फेरतपासणी त्याच प्रयोगशाळेत, सकाळच्या पहिल्या नमुन्यावर करून घेणे हेच शहाणपणाचे.