रंगाकडून संख्येकडे

घरी पाहुणे आले की चार वर्षांच्या मुलाला पुढे उभे करून 'शंभरपर्यंत म्हणून दाखव' असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मूल घडाघडा म्हणते आणि सारे खूष होतात. पण त्याच मुलासमोर चिंचोके ठेवून 'यातले सात दे' म्हटले, तर ते पुष्कळदा गोंधळते. आकडे तोंडाला आलेले असतात, हाताला नाहीत.

इथे रंग उपयोगी पडतो. पांढरा आणि काळा घेवडा एकत्र करून मुलांना निवडायला द्यावा. दोन ढीग झाले की 'जास्त कोणते?' हा प्रश्न आपोआप येतो आणि मोजणी सुरू होते. मग त्यात आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा टाकावा. तांबड्या पट्ट्यांचा हा दाणा कोणत्या ढिगात घालायचा, यावर मुले वाद घालतील. तो वाद म्हणजे गणितच! सांगलीकडच्या घरी तासगावचे बेदाणे आहेतच. एक पिवळा, एक काळा, पुन्हा पिवळा, पुढचा कोणता? उत्तर बरोबर आले तर खायला मिळेल.

मात्र रंगापाशीच थांबणे माझ्या मते चुकीचे आहे. तीन लाल मण्यांतला प्रत्येक मणी लाल असतो, पण एकही मणी 'तीन' नसतो. तक्त्यावर तीनचा आकडा नेहमी तांबडाच रंगवला, तर मूल तांबडा रंग लक्षात ठेवते. म्हणून तीन तांबडे, तीन हिरवे, मग तीन मिसळीचे मणी द्यावेत. रंग बदलूनही जे कायम राहते, ते तीन. शिवाय काही मुलांना तांबड्या-हिरव्यातला फरक दिसत नाही. त्यांच्यासाठी आकारही बदलावा.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकातील 'वीस एक' या वाचनावरून केवढा गदारोळ झाला! दहा-दहा तांबड्या काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी पिवळी काडी हाती दिली, तर 'एकवीस' म्हणूनही मुलाला दशक-एकक कळेल.

याला पैसा लागत नाही. सातारा तालुक्यातील कुमठे बीटातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली असे हाताने शिकणे रुजवले आणि ते पाहायला बाहेरचे शिक्षक तेथे आले.

आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील, पालक तर बहुतेक सारेच. तेव्हा पाहुण्यांसमोर मुलाला उभे करण्याऐवजी त्याच्यापुढे घेवड्याचे सूप ठेवू या.